काट्याची पावती आणि पोरांचे गणित



हंगामात काट्याची पावती घरी येते आणि बिल निघेपर्यंत कोनाड्यात पडून राहते. आमचे म्हणणे असे, की ती आधी चौथी-पाचवीतल्या पोराच्या हाती द्यावी. समजा, भरलेली गाडी १८ टन ४६० किलो, रिकामी ६ टन ७८० किलो. ऊस किती? बरीच पोरं मोठ्या आकड्यातून लहान आकडा काढतात आणि १२ टन ३२० सांगून मोकळी होतात. खरे उत्तर ११ टन ६८०. ६४० किलोंचा फरक! तिथे रागावू नये. एक टन मोडून हजार किलो करायला लावावे, की हातचा म्हणजे काय ते कळते.

दुसरी अडचण बोलण्यातली. 'सेहेचाळीस' म्हणताना सहा आधी येतो, लिहिताना चार आधी. म्हणून पोर ६४ लिहिते. ते मठ्ठ नसते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा केवढी टिंगल झाली! वाद विधिमंडळात गेला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर (निधन २०२३) यांचे म्हणणे एवढेच होते, की जोडाक्षरे आणि उलटा क्रम लहान मुलांना जड जातो. आपल्या माहूर-किनवटकडे हे समजायला सोपे आहे. शेजारच्या तेलुगूत एकवीसला 'इरवै ओकटी', म्हणजे वीस-एकच म्हणतात. ज्या घरात गोरमाटी किंवा गोंडी बोलतात, तिथल्या पोराला तर मराठी आकडे शाळेतच नव्याने शिकावे लागतात. घरी दोन्ही रीती चालू द्याव्यात.

"आमचीच शाळा चौथीपर्यंत, आम्ही काय शिकवणार?" असे पुष्कळ जण म्हणतात. अहो, शिकवू नका, विचारा. "कसं काढलंस?" एवढे विचारले की पोर बोलता बोलता आपली चूक आपणच धरते. म्हाताऱ्यांनाही बसवावे. अडीचकी पाठ असलेला आजोबा अडीच एकरांचे, एकरी ३६ टनांनी, ९० टन तोंडावर सांगतो. नातवाने ते पाटीवर ताडून पाहावे.

बिल आले की कपातीची बेरीज पोरीकडून करून घ्यावी, आणि जुळली नाही तर पावत्या घेऊन कारखान्याच्या ऊस विभागात यावे. येताना तिलाही आणावे.