खानोलकरांच्या सूक्ष्मदर्शकाखालची त्वचा

वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) व्यवसायाने पॅथॉलॉजिस्ट होते. भारतातल्या त्वचारोगांच्या अभ्यासात मात्र त्यांच्या प्रयोगशाळेतून निघालेले दोन धागे आजही तुटलेले नाहीत. एक धागा कंबरेवरच्या कर्करोगाचा आहे, दुसरा कुष्ठरोगाचा.

खानोलकरांचा जन्म क्वेट्ट्याचा, वैद्यकीय शिक्षण लंडन विद्यापीठातले. १९२३ साली एम.डी. होऊन ते परतले आणि मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज व सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय येथे विकृतिशास्त्र शिकवू लागले. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली. देशाच्या निरनिराळ्या भागांतून येणाऱ्या रुग्णांच्या गाठी आता एकाच टेबलावर जमू लागल्या. गाठ शरीरात कुठे आहे यावरून माणूस काय खातो, काय ओढतो आणि काय नेसतो याचा माग काढता येतो, हे त्यांनी ओळखले.

१९४५ साली बी. सूर्याबाई यांच्यासह त्यांनी लिहिलेला निबंध याच निरीक्षणावर उभा आहे. राहणीशी जोडलेले तीन कर्करोग त्यात मांडले होते. चुट्ट्याचे (गावठी चिरूटाचे) पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूचा, खैनी ठेवणाऱ्यांच्या ओठाचा आणि धोतर नेसणाऱ्यांच्या कंबरेचा. पोटाशी कांगडी धरून बसणाऱ्या काश्मिरी लोकांतला त्वचेचा कर्करोग आधीपासून माहीत होता, पण तिथे निखाऱ्यांची धग आणि भाजणे होते. धोतरात काय असणार? धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळले जाते. घाम आणि धूळ तिथेच साचतात, कापड घासत राहते. कातडी आधी काळवंडते, मग जाड होते, तिचे पापुद्रे सुटतात. पुढे जखम होते आणि ती भरता भरत नाही. अशा जुनाट जखमेच्या कडेला फार क्वचित, पण निश्चितपणे, कर्करोग उगवतो.

साडी नेसणाऱ्या स्त्रियांतही हाच प्रकार पुढे नोंदला गेला. २०२४ साली ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये वर्धा आणि बिहार येथील डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. एकीला परकराच्या नाडीखाली व्रण झाला होता. दुसरी चाळीस वर्षे परकराविना लुगडे नेसत होती. या आजाराला ‘पेटीकोट कॅन्सर’ म्हणावे असे सुचवले गेले आहे, पण दुसऱ्या बाईची गोष्ट पाहता ते नाव अपुरेच पडते. उपाय मात्र घरच्या घरी करता येतो: गाठ सैल बांधावी, बांधण्याची जागा बदलत राहावी आणि कंबरेवरची न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवावी. निदान लवकर झाले तर शस्त्रक्रियेने हा रोग काढून टाकता येतो.

कुष्ठरोगातले काम अधिक गुंतागुंतीचे आहे. रोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांतल्या ऊती खानोलकरांनी बारकाईने तपासल्या. तो अभ्यास १९५१ साली प्रसिद्ध झाला. जंतूंचा पहिला मुक्काम त्वचेतल्या बारीक मज्जातंतूंत असतो आणि चट्टा दिसण्यापूर्वी रोगाचा एक मूक काळ जातो, असे त्यांचे प्रतिपादन होते. जंतू नसांपर्यंत कसा पोहोचतो याविषयीची त्यांची कल्पना पुढच्या संशोधकांनी जशीच्या तशी स्वीकारली नाही. आता रक्तवाहिन्यांच्या मार्गाकडे अधिक बोट दाखवले जाते. पण कुष्ठरोग हा मुळात नसांचा आजार आहे, हा त्यांचा भर टिकून राहिला.

१९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक-संचालक. तिथे कुष्ठरोग्याच्या ऊतीतून एक जंतू वाढवण्यात आला. सी. व्ही. बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. कुष्ठरोगाचा खरा जंतू प्रयोगशाळेतल्या कृत्रिम माध्यमात वाढत नाही, आणि हा जंतूही दुसऱ्याच गटातला ठरला. तरी त्याचे आवरण कुष्ठजंतूशी मिळतेजुळते होते. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘आयसीआरसी’ हे नाव मिळाले आणि माधव देव यांनी त्यापासून लस तयार केली.

या लसीची मोठी परीक्षा मद्रासजवळ झाली. १९९१ पासून चेंगलपट्टू भागात मोहन गुप्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,७१,४०० स्वयंसेवकांवर चार लसी व एक निष्क्रिय द्रव यांची तुलना केली. १९९८ च्या अहवालानुसार आयसीआरसीने ६५.५ टक्के संरक्षण दिले. बीसीजीसोबत मृत कुष्ठजंतू दिल्यावर ६४ टक्के, नुसत्या बीसीजीने ३४.१ टक्के आणि एमडब्ल्यू नावाच्या चौथ्या लसीने २५.७ टक्के संरक्षण मिळाले. निकाल हाती आला तोवर १९८२ पासूनच्या बहुविध औषधोपचाराने रुग्णसंख्या झपाट्याने उतरली होती, आणि पहिल्या क्रमांकाची लस सार्वत्रिक वापरात आलीच नाही.