माहीत आहे, पण सांगायचं कुणाला?

भूतकाळात जाऊन पडलेल्या माणसाचा आपल्याला हेवा वाटतो. पुढचं सगळं त्याला तोंडपाठ! पण अशा कथांमधली माणसं बहुतेकदा तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात असतात. त्यांच्या दुखण्याचे हे सहा प्रकार.

१. शेवट आधीच ठाऊक
ॲलिसन अटली यांच्या ‘अ ट्रॅव्हलर इन टाइम’ (१९३९) मधली पेनेलपी डर्बीशायरच्या एका जुन्या घरातून सोळाव्या शतकात पोचते. तिथली मंडळी कैदेतल्या स्कॉटिश राणी मेरीला सोडवायच्या खटपटीत असतात. मेरीचा १५८७ मध्ये शिरच्छेद होणार, हे त्या घरात एकट्या पेनेलपीला माहीत असतं.

२. वाचवू की नको?
‘स्टार ट्रेक’चा एक गाजलेला भाग ६ एप्रिल १९६७ ला प्रसारित झाला. त्यात कॅप्टन कर्क १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये एडिथ कीलरच्या प्रेमात पडतो. ती जगली तर तिच्या शांतता चळवळीमुळे अमेरिका महायुद्धात उशिरा उतरणार आणि हिटलर जिंकणार. तिच्या अंगावर ट्रक येतो, कर्कचा सहकारी डॉक्टर मॅकॉय तिला वाचवायला धावतो, आणि कर्क त्यालाच घट्ट धरून ठेवतो!

३. जुलमी माणसाचीच राखण
ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ‘किंड्रेड’ (१९७९) इतका चटका क्वचितच एखादी कादंबरी लावते. १९७६ च्या कॅलिफोर्नियातली कृष्णवर्णीय डेना पुन्हा पुन्हा गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये खेचली जाते. दर वेळी जीव वाचवायचा तो रूफसचा, एका गोऱ्या मळेवाल्याच्या मुलाचा. कारण तो तिचा पूर्वज. त्याची मुलगी हेगर जन्मली नाही, तर डेनाचं घराणंच उरणार नाही. हाच रूफस पुढे माणसं विकणारा मालक होतो. डेना शेवटी परतते, पण डावा हात गमावून.

४. इशाराच उलटतो
‘बू बू जिंग शिन’ ही २०११ ची चिनी मालिका. आजच्या काळातली तरुणी चिंग राजघराण्याच्या दरबारात पोचते. चौथा राजपुत्र सम्राट होणार हे तिला ठाऊक. जीव लावलेल्या आठव्या राजपुत्राला ती सावध करते. तो चौथ्याविरुद्ध डाव टाकतो आणि त्याची झळ तेराव्याला बसते: दहा वर्षांची कैद. तिच्या जिवलग मित्राची आहुती तिच्याच शब्दाने पडते.

५. पाच वर्षं गप्प
स्टीफन किंग यांच्या ‘११/२२/६३’ (२०११) मधला जेक केनेडींची हत्या रोखायला निघतो. भूतकाळात जायची वाट मात्र दर वेळी ९ सप्टेंबर १९५८ लाच उघडते. म्हणजे पाच वर्षं खोट्या नावाने राहायचं! त्यातच तो सेडीच्या प्रेमात पडतो. जिच्यावर जीव जडला तिलाच बराच काळ खरं सांगता येत नाही.

६. आपले गंगाधरपंत
जयंत नारळीकरांनी हे ओझं उलटं करून दाखवलं. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ मधले इतिहासाचे प्राध्यापक गायतोंडे अशा जगात पोचतात, जिथे १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकली आहे. ते ग्रंथालयात बसून स्वतःच्याच इतिहासग्रंथांमध्ये फाटा कुठे फुटला ते शोधतात, तर विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून गेलेली! अख्ख्या जगात आपला इतिहास आठवणारे ते एकटे. कथेचं इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आलं आहे.

सहाही कथांचं सार एकच. नुसत्या तारखा माहीत असल्याने कुणाची झोप उडत नाही. त्या तारखांच्या तडाख्यात सापडणारी माणसं आपली झाली, की तेच ज्ञान छातीवर बसतं. म्हणून या कथा वाचून झाल्यावर इतिहासाचं पुस्तक हातात घ्या. त्यातल्या मृतांच्या आकड्यांमागे कुणाची तरी आपली माणसं आहेत, हे आधी जाणवेल. सुरुवात नारळीकरांपासून करा, आणि मन घट्ट करून ‘किंड्रेड’ही वाचाच.