माजी सैनिक : हुद्दा, गोंदण, पलटण

माजी सैनिक दिन : १४ जानेवारी. पहिले भारतीय सरसेनापती के. एम. करिअप्पा १९५३ साली याच तारखेला निवृत्त झाले. बहुधा संक्रांतही त्याच दिवशी, म्हणजे तिळगूळ ओघाने आलाच.

हुद्दा निवृत्त होत नाही. आधी 'कर्नल', मग नाव आणि शेवटी कंसात 'निवृत्त'. 'निवृत्त कर्नल अमुक' ही लष्करी रीत नव्हे.

गोंदण : सैन्यभरतीत कायमचा टॅटू दोनच जागी चालतो. कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला, नाहीतर पंजाच्या पाठीवर. मानेवर, छातीवर, दंडावर नाही. गोंदण्याची परंपरा असलेल्या आदिवासी जमातींच्या उमेदवारांना यात सवलत आहे.

मराठा लाइट इन्फन्ट्री : सर्वांत जुनी पलटण १७६८ची, उभी राहिली मुंबईत. केंद्र बेळगाव. ब्रीद : कर्तव्य, मान, साहस. ४ फेब्रुवारी हा 'मराठा दिन', तानाजी मालुसऱ्यांच्या १६७०च्या सिंहगड मोहिमेची आठवण.

मुंबईच्या उपनगरांत : मालाडला मार्वे इथे नौदलाचा तळ 'आयएनएस हमला'. कांदिवलीत लष्कराचा सीओडी, म्हणजे साहित्याचा मोठा डेपो. विलेपार्ल्याच्या उड्डाणपुलाला १९९५ साली काश्मीरमध्ये हुतात्मा झालेल्या कॅप्टन विनायक गोरे यांचं नाव.