बाजारातल्यासारखी

पहाटे ५.१०

मिस्त्री बादलीत पाय सोडून बसलेत. पाणी साधंच, माठातलं. कार्तिकातली थंडी आहे, तरी कोमट पाणी नाही. पाणी किती गरम आहे हे त्यांच्या पावलांना कळत नाही, बोटांनाही अर्धवटच कळतं. आंघोळीचं पाणीसुद्धा ते कोपर बुडवून तपासतात.

वीस मिनिटं पाय भिजतात. मग खडबडीत दगडाने टाचेची मेलेली कातडी घासायची. ओल्या पायालाच खोबरेल तेल चोळायचं, म्हणजे ओल आत राहते. शेवटी दाढीचा छोटा आरसा फरशीवर ठेवून त्यात तळवे बघायचे. भेग आहे का, लाल डाग आहे का, काटा रुतलाय का. काटा असला तरी पाय सांगत नाही. डोळ्यांनी शोधावा लागतो.

बाविसाव्या वर्षी पाठीवर कुष्ठरोगाचे डाग आले. तेव्हा दोन वर्षं गोळ्या घ्याव्या लागल्या. आता मोठ्या कोर्सलाही बारा महिनेच लागतात आणि गोळ्या फुकट मिळतात. जंतू मेले. पण त्याआधी ज्या नसा मेल्या होत्या त्या तशाच राहिल्या. आज मिस्त्री अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. छत्तीस वर्षं रोज सकाळी हा आरसा.

चुलीजवळ मांजर झोपलंय. ते पाळण्यामागे कारण आहे, ते पुढे सांगतो.

सकाळी ७.४५

सायकलने चार किलोमीटर. मेळघाटच्या पायथ्याचा हा भाग, परतवाड्याच्या बाजूचा. रस्त्याच्या एका अंगाला संत्र्याच्या बागा, दुसऱ्या अंगाला कापूस. वेचणीवाल्या बाया डोक्याला फडकी बांधून शेतात शिरतायत. सायकलच्या पेडलला मिस्त्रींनी रबर चिकटवलंय. हँडललाही.

मिशनच्या कुष्ठरोग दवाखान्याचं फाटक उघडं आहे. आता इथे खरूज, खोकला, मोतीबिंदू असे सगळेच रुग्ण येतात. त्यांच्या केसपेपरच्या पैशांवर जुना वॉर्ड तगून आहे.

सकाळी ८.००

ओपीडीच्या व्हरांड्यात प्रार्थना. सिस्टर, फिजिओ, झाडूवाली मावशी, वॉचमन, शिवाय ज्याला बसायचं तो रुग्ण. आज एक कोरकू म्हातारा बसलाय आणि बुरखा घातलेली एक बाई. कुणी बोलावलं नाही, कुणी उठवलंही नाही. रेव्हरंड टिळकांचं एक भजन टाळांवर होतं. मग शास्त्रपाठ.

बायबल क्रमाने वाचतात, त्यामुळे जे येईल ते. आज नहेम्याचा तिसरा अध्याय. मला वाटलं होतं, हा पाठ लोक कंटाळत ऐकतील. नुसती यादी आहे. यरुशलेमेची पडलेली भिंत कुणी कुठून कुठपर्यंत दुरुस्त केली त्याची. त्यात सोनार आहेत, सुगंधी तेलं करणारा आहे, आपल्या मुलींना घेऊन आलेला एक जण आहे. एका तुकड्याची लांबीही दिली आहे, हजार हात. आणि कितीतरी जण असे की ज्यांनी फक्त आपल्या घरासमोरची भिंत बांधली.

मिस्त्रींना हा अध्याय फार आवडतो. "कोनं किती काम केलं ते लिहून ठेवलं हाय," ते उठता उठता म्हणाले. "आपल्या रजिस्टरासारखं."

पंधरा मिनिटांत प्रार्थना संपली. ओपीडीची रांग तोवर फाटकापर्यंत गेली होती.

सकाळी ८.२५

चपलांची खोली. मिस्त्रींचं काम इथे, रुग्णांच्या चपला करायचं. वर पत्रा, पूर्वेला एक खिडकी. भिंतीला टेकून काळ्या रबराचे तक्ते उभे. याला इथे सगळे एमसीआर म्हणतात. बारीक छिद्रांचं रबर. अंगठ्याने दाबलं की निम्म्यापर्यंत जातं आणि सोडलं की हळूच वर येतं. "हवाई चप्पल लवकर बसते," मिस्त्री म्हणाले. "हे बसत नाही. बसलं का फेकाचं." बधिर पायाला हेच लागतं. वजन एका जागी न पडता सगळ्या तळव्यावर पसरतं. खाली वेगळा, कडक रबराचा तळ लावायचा, म्हणजे काटा आणि काच आत येत नाहीत.

फळीवर रांपी, आरी, कानस, कात्री, जाड दोऱ्याची रिळं, सोल्युशनचा डबा. रांपीच्या मुठीला सायकलच्या ट्यूबचे वेटोळे. मिस्त्रींच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकली होती, ती ऑपरेशनने सरळ झाली. पण किती जोरात धरलंय ते बोटांना अजून कळत नाही. ट्यूब असली की मूठ निसटत नाही आणि हाताला फोडही येत नाही.

या खोलीत खिळा नाही. मी शोधला. मोडक्या स्टुलालासुद्धा दोरीने आवळलंय. बाजारातल्या चपलेतून खिळा वर आला की आपण पाय झटकतो. ज्याला कळत नाही तो त्या खिळ्यावर दिवसभर चालतो आणि संध्याकाळी मोज्याला रक्त दिसतं. म्हणून इथे सगळं चिकटवायचं आणि शिवायचं.

बोटं झडतात, असं लोक अजून म्हणतात. ती झडत नाहीत. ब्रिटिश मिशनरी आईबापांच्या पोटी तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेले डॉक्टर पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरला आले. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी रुग्णांच्या हातापायांवर वर्षानुवर्षं बारीक नजर ठेवली. दिसलं ते असं, की बोटं जातात ती भाजण्याने, कापण्याने, दाबाने आणि न जपलेल्या जखमेने. काहींची बोटं रात्रीतून कमी व्हायची. नीट पाहिल्यावर कळलं, झोपेत उंदीर कुरतडतात आणि माणसाला जाग येत नाही. मग रुग्णांना मांजरं दिली गेली.

मिस्त्रींना ही गोष्ट त्यांच्या आधीच्या मिस्त्रींनी सांगितली. चुलीजवळचं मांजर त्यासाठी.

सकाळी ९.३०

पहिलं माप. एक कोरकू पोरगा, सोळा-सतराचा. चालताना उजव्या पावलाचा पुढचा भाग लोंबतो, बोटं जमिनीला घासतात. चपलेला मागून पट्टा आणि पोटरीला कातडी पट्टी, दोन्हींमध्ये ताणणारी स्प्रिंग. पाय उचलला की पंजाही उचलला जातो. पोरगा खोलीत तीन फेऱ्या मारतो. चौथ्या फेरीला पळून बघतो. मिस्त्री ओरडतात. पोरगा हसतो.

सकाळी ११.१५

एक बाई आली ती बाजारातली सँडल घालून. तपकिरी पट्टे, त्यावर सोनेरी फूल. वय पंचेचाळीसच्या आसपास. सिस्टरने जखम धुऊन पट्टी बांधून पाठवलंय. डाव्या अंगठ्याच्या मागे, तळव्याच्या गादीवर आठाण्याएवढं छिद्र.

मिस्त्रींनी रजिस्टर काढलं. मार्चमध्ये तिला जोड दिला होता.

"तो कुठी हाय?"

"घरी हाय."

"काहून घालत नाही, बाई?"

ती पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "तुमची चप्पल चांगली हाय, भाऊ. पण ते बोलते."

काळा जाड तळ, रुंद पट्टे, मागून वेल्क्रो. गावात आता सगळ्यांना ही चप्पल ओळखू येते. तिच्या मुलीचं जमत आलंय. रविवारी मुलाकडचे घरी येणार आहेत. २०१९ पर्यंत जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाला कायदेशीर कारण होतं. ते कायद्यातून गेलं. बैठकीत बसलेल्या माणसांच्या मनातून कधी जाईल, याची वाट पाहायला या मायलेकींना सवड नाही.

तिला बरं होऊन अकरा वर्षं झालीत. तिच्यापासून कुणाला काही होणार नाही. हे तिला पाठ आहे, मिस्त्रींनाही पाठ आहे. दोघांपैकी कुणी ते बोललं नाही.

सिस्टरला तिला दाखल करून पाय प्लास्टरमध्ये घालायचा होता. ती नाही म्हणाली. वेचणीला किलोमागे दहा रुपये मिळतात, आणि हे दिवस गेले की कापूस संपला. आजचा दिवस तसाही बुडालाच. एसटीला बायांना अर्धं तिकीट आहे, म्हणून निदान येणं झालं.

मिस्त्री तिची सँडल उलटीसुलटी करून बघत होते. तळ वाकवला, वास घेतला, पट्टा ओढला.

"कितीले घेतली?"

"दोनशे ऐंशी."

"आतून मी बदलतो. वरून अशीच राहीन. पन दाखल व्हाचं. रविवार झाला का सोमवारी."

ती म्हणाली, "बुधवारी."

"बुधवारी."

सकाळी ११.५०

शाई लावलेल्या रबरी चटईवर कागद, त्यावर पाय. जिथे वजन जास्त तिथे ठसा काळाकुट्ट. अंगठ्याच्या मागचा गोल शाईने भरून गेला. मिस्त्रींनी त्याभोवती पेन्सिल फिरवली. तिचा उजवा पायही घेतला. बाई बाकावर पाय वर करून बसली, तिला उठायची मनाई.

सँडलचा आतला पातळ पुठ्ठा उचकटून काढला. त्याच मापाचा एमसीआरचा तुकडा कापला. रांपी दर चार कापांनी दगडावर घासायची. हे रबर बोथट पात्याने फाटतं, कापलं जात नाही. मग खालच्या बाजूने, ठशावर जिथे काळं आलं होतं तिथे, रबर हलक्या हाताने खरवडून खळगा केला. त्याच्या मागे एक आडवी पट्टी चढवली. आता पाऊल टाकलं की भार पट्टीवर येईल, जखम अधांतरी राहील.

अडचण पुढे आली. आत जाड रबर बसल्यावर पाय वर उचलला गेला आणि पट्टे आखूड पडले. मिस्त्रींनी रेक्झिनच्या चिंध्यांचं पोतं उपसलं. तपकिरीचे सात प्रकार निघाले. प्रत्येक तुकडा खिडकीत नेऊन सँडलशेजारी धरला. मला पहिलाच जुळलेला वाटला होता. त्यांना सहावा पटला.

यात अर्धा तास गेला. दिवसभरात मी जे पाहिलं त्यात हा अर्धा तास मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

दुपारी १.३०

जेवण. भाकरी, अंबाडीची भाजी, तुरीचं वरण. डबा धरायला फडकं. मिस्त्रींना महिन्याला हातात साडेतेरा हजार मिळतात. मुलगा अमरावतीला मोबाइलच्या दुकानात आहे, त्याला याहून दोन हजार जास्त. "त्याले म्हटलं हे शिक. तो म्हनते, पप्पा, यात पुढं काय हाय?" मिस्त्रींनी यावर काही मत दिलं नाही. वरणात भाकरी कुस्करली.

हे काम या देशात मिशनने फार आधी हातात घेतलं. वेल्स्ली बेली नावाचा आयरिश शिक्षक १८६९ साली अंबाल्याला होता. तिथे त्याने कुष्ठरोग्यांचा एक आसरा पाहिला. १८७४ साली त्याने डब्लिनमध्ये त्यांच्यासाठी मिशन सुरू केलं. तेव्हा औषध नव्हतं. छप्पर, अन्न आणि पट्टी एवढंच देता यायचं. आता औषध आहे. पट्टी अजून लागतेच.

दुपारी २.१५

वॉर्ड. प्लास्टरमधल्या एका आजोबांचं माप घ्यायचंय. प्लास्टर सुटायच्या दिवशीच चप्पल तयार हवी. एक दिवस जरी अनवाणी चालले तर सहा आठवड्यांची विश्रांती वाया. आजोबा विचारतात, चपलेचे पैसे किती? माल साधारण साडेतीनशेचा लागतो. देऊ शकतो तो शंभर देतो, नाही त्याच्या नावापुढे रजिस्टरात आडवी रेघ. आजोबा म्हणतात, पन्नास आहेत. मिस्त्री पन्नास लिहून घेतात. रेघ मारली असती तर आजोबांना झोप लागली नसती, हे मला त्यांनी बाहेर आल्यावर सांगितलं.

दुपारी ३.००

सोल्युशन दोन्ही बाजूंना लावायचं आणि थांबायचं. बोट लावलं तर चिकटलं पाहिजे, पण बोटाला लागता कामा नये. मिस्त्रींचं बोट याबाबत भरवशाचं नाही, म्हणून ते मनगटाची आतली बाजू लावून बघतात. मग दाबायचं, हातोडीने कडेकडेने ठोकायचं. पट्टे आरीने टोचून शिवायचे, गाठ बाहेरच्या बाजूला. आतून हात फिरवून मिस्त्री थांबले. मला म्हणाले, "तुम्ही पहा बरं. काही टोचते का?"

मी बोटं फिरवली. एका जागी दोऱ्याचं टोक लागलं. त्यांनी ते कापलं आणि मला पुन्हा हात फिरवायला लावला.

दुपारी ४.२०

बाई व्हरांड्यात सावकाश चालतेय. नवा जोड पहिल्या दिवशी अर्धा तासच. मग पट्टीच्या कडा आणि दोन्ही पायांच्या बोटांमधल्या बेचक्या बघायच्या. उजव्या करंगळीशी लाल रेघ उमटली. तिथला पट्टा कानशीने घासला. पुन्हा दहा मिनिटं. रेघ वाढली नाही.

सँडल तिने उचलून बाजूने पाहिली. तळ बोटभर जाड झालाय. मिस्त्रींनी कडेला तपकिरी रंग दिलाय. "हिलची वाटते," ती म्हणाली, आणि दिवसात पहिल्यांदा हसली.

रजिस्टरात नोंद झाली: नाव, गाव, डावा पाय, खळगा, बुधवार. पैशाच्या रकान्यात तिने शंभर लिहायला लावले. साठ आज, चाळीस बुधवारी.

संध्याकाळी ५.२५

एसटीचा थांबा फाटकापासून दोनशे पावलांवर. मिस्त्रींना चहापत्ती घ्यायची होती, म्हणून ते निघाले. पण तिच्यासोबत नाही. रस्त्याच्या पलीकडून, वीस पावलं मागे. तिच्या गावच्या दोघी थांब्यावर बसल्या होत्या, परतवाड्याच्या बाजारातून आलेल्या. दवाखान्यातल्या माणसाबरोबर ती त्यांना दिसायला नको होती.

मिस्त्री दुकानापाशी उभे राहिले. मी त्यांच्याजवळ.

त्या दोघींपैकी एकीने खाली पाहिलं.

"नवी घेतली का वं? कितीले?"

"दोनशे ऐंशी."

"मजबूत दिसते."

एसटी आली. तिने दांडा पदराने धरला, उजवा पाय आधी ठेवला आणि वर चढली. मिस्त्रींनी दहाची चहापत्तीची पुडी घेतली, खिशात टाकली, आणि घराकडे वळण्याऐवजी भराभरा परत दवाखान्याकडे निघाले. सोल्युशनच्या डब्याचं झाकण उघडं राहिलं होतं.