कॅम्पला जायचंय? पण कोणत्या?

बालमित्रांनो, एक गंमत बघा. पुण्यातल्या एखाद्या घरात रविवारी सकाळी काय काय ऐकू येतं? आई म्हणते, "संध्याकाळी कॅम्पात जाऊ या, तुझे बूट घ्यायचेत." ताई म्हणते, "मला नाही जमणार, माझा एन.सी.सी.चा कॅम्प आहे." बाबा चपला घालत म्हणतात, "मी कोपऱ्यावर जाऊन येतो. मंडळाचा ब्लड डोनेशन कॅम्प आहे." आणि पेपर वाचणारे आजोबा मान हलवत म्हणतात, "अरेरे! युद्धामुळे हजारो लोक घरदार सोडून कॅम्पमध्ये राहतायत."

बघितलंत? शब्द एकच, पण चौघांचे कॅम्प चार! इंग्रजीतून आलेला हा दोन अक्षरी पाहुणा आपल्या घरात इतका रुळलाय, की तो पाहुणा आहे हेसुद्धा आपण विसरून गेलोय. चला तर, आज त्याचीच जरा चौकशी करू या.

मुळात 'कॅम्पस' हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ मोकळं मैदान. जुन्या रोम शहरात नदीकाठी असंच एक मोठं मैदान होतं, 'कॅम्पस मार्शियस'. मार्स म्हणजे रोमन लोकांचा युद्धदेव. या मैदानावर सैनिक कवायत करत. मैदान आलं तिथे सैन्य आलं, सैन्य आलं तिथे तंबू आले, आणि तंबूंच्या त्या मुक्कामालाच पुढे 'कॅम्प' म्हणू लागले.

या शब्दाची भावंडंही तुमच्या ओळखीची आहेत बरं का! कॉलेजचा 'कॅम्पस' हा तर सख्खा भाऊ. मैदानात उतरून लढतो तो 'चॅम्पियन'. आणि निवडणुकीच्या वेळी जिचा गाजावाजा होतो ती 'कॅम्पेन' म्हणजे मूळची सैन्याची मोहीम. सगळे एकाच मैदानातले!

आता आईच्या कॅम्पाकडे वळू. बूट आणि बिस्किटं घ्यायला आपण ज्या कॅम्पात जातो, तिथे तंबू तर एकही दिसत नाही. मग नाव कॅम्प कसं? ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. पाठोपाठ १८१८ मध्ये पेशवाई संपली. इंग्रजांनी पेठांपासून दूर, शहराच्या पूर्वेला आपल्या फौजेचा तळ ठोकला. तोच हा 'पूना कॅम्प'. फौज म्हटली की तिला पाव लागणार, कपडे लागणार, बूट लागणार. मग पाववाले आले, शिंपी आले, दुकानदार आले. पारशी, बोहरी, ख्रिश्चन, ज्यू अशी कितीतरी मंडळी तिथे स्थायिक झाली. पुणेकर ज्याला 'लाल देऊळ' म्हणतात ते ज्यू लोकांचं प्रार्थनामंदिर १८६७ मध्ये तिथेच बांधून पूर्ण झालं. मेन स्ट्रीटचं पुढे महात्मा गांधी रस्ता असं नामकरण झालं, तंबू गेले, इंग्रजही गेले. कॅम्प मात्र तिथेच राहिला!

तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी या भागाला काय म्हणायचे. "लष्कर" असं उत्तर मिळण्याची दाट शक्यता आहे. तिथल्या पोलीस ठाण्याचं नावही लष्कर पोलीस ठाणेच आहे. 'लष्कर' हा शब्द फारसीतून आला. ग्वाल्हेरला १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला आणि तो उठलाच नाही. त्या तळाचंच शहर झालं आणि त्या शहराचं नाव पडलं 'लश्कर'. आहे की नाही आपल्या कॅम्पाचा जुळा भाऊ!

'शिबिर' हा शब्द संस्कृतातला. तोही मूळचा राजाच्या सैन्याचा तळच. आता मात्र शिबिर म्हटलं की रक्तदान, नेत्रतपासणी, नाहीतर उन्हाळी सुट्टीतलं संस्कार शिबिर! 'छावणी'चंही तसंच. पूर्वी सैन्याची छावणी पडायची. आता दुष्काळी गावात गुरांची छावणी पडते. मराठवाड्यात, माण तालुक्यात शेतकरी आपली जनावरं घेऊन महिनोन् महिने चारा छावणीत राहिले आहेत. आणि 'उर्दू' या भाषेचं नावसुद्धा 'ओर्दू' या तुर्की शब्दावरून आलंय. त्याचा अर्थ? तुम्ही ओळखलंतच! छावणी.

इथवर सगळी गंमत झाली. पण मित्रांनो, या शब्दाला एक दुखरी बाजूही आहे, आणि ती आपल्या पुण्यानेच सोसली आहे.

१८९७ साली पुण्यात प्लेगची भयंकर साथ होती. साथ आटोक्यात आणायला सरकारने रँड नावाचा अधिकारी नेमला. गोरे सोजीर घराघरात शिरून झडती घेऊ लागले. रोग्याला इस्पितळात नेत आणि घरच्यांना नेत 'सेग्रिगेशन कॅम्प'मध्ये, म्हणजे लोकांना वेगळं ठेवण्याच्या छावणीत. साथ रोखायला माणसं वेगळी ठेवणं गरजेचं होतं हे खरं. पण ज्या दांडगाईने ते केलं गेलं, त्याने शहर संतापलं. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. रँड परतत होता तो गव्हर्नरांच्या बंगल्यावरचा समारंभ आटोपून.

त्याच साथीत, त्याच वर्षी, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. डॉक्टर असलेल्या मुलाने, यशवंतने, हडपसरजवळ दवाखाना उघडला होता. एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तिथे नेलं. त्यात त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. गव्हर्नरांचा तो बंगला आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, आणि २०१४ पासून त्या विद्यापीठाला नाव आहे सावित्रीबाईंचं. म्हणजे रँडने जिथला समारंभ पाहिला, तिथे आज सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा कॅम्पस आहे!

आता कोल्हापूरला चला. जवळच वळिवडे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये तिथे एक कॅम्प उभा राहिला. त्यात कोण आले असतील? चक्क पोलंडचे लोक! रशियाने त्यांना घरातून उचलून सैबेरियाच्या थंडीत पाठवलं होतं. तिथून सुटून, इराणमार्गे, हजारो मैलांचा प्रवास करत ते आले. सुमारे पाच हजार जण, त्यातही बायका आणि मुलंच जास्त. त्यांनी तिथे शाळा काढली, चर्च उभारलं, मुलांचं स्काउट पथक सुरू केलं. १९४८ पर्यंत ते तिथे होते.

ते गेल्यावर त्या घरांत कोण आलं माहीत आहे? फाळणीत सिंधमधून घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबं. तेच आजचं गांधीनगर, कापडाच्या मोठ्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध! कल्याणजवळच्या लष्करी कॅम्पातही अशीच सिंधी माणसं आली आणि १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं. तिथे अजूनही पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर चार', 'कॅम्प नंबर पाच' असंच सांगतात. आपल्या पिंपरी कॅम्पाची गोष्टही हीच. दिवाळीच्या खरेदीला तिथे जाल, तेव्हा लक्षात ठेवा, ज्यांच्याकडे काहीही उरलं नव्हतं अशा माणसांनी शून्यातून उभारलेला हा बाजार आहे.

आता परत त्या रविवारच्या घरात येऊ. ताईचा कॅम्प आणि आजोबांच्या पेपरातला कॅम्प, दोन्हीकडे तंबू असतील, रांगेत उभं राहून जेवण घ्यावं लागत असेल. मग फरक कुठे आहे? ताई आपल्या मर्जीने गेली आणि दहा दिवसांनी घरी येणार. पेपरातल्या माणसांना जावं लागलं, आणि परतायला घर आहे की नाही हेच त्यांना ठाऊक नाही.

म्हणून यापुढे कुठेही 'कॅम्प' हा शब्द आला, की मनाशी दोन प्रश्न विचारा. इथे माणसं आपणहून आली आहेत का? आणि त्यांना घरी कधी जाता येणार? अर्थ आपोआप उलगडेल.

आणि हो, एक काम तुमच्यासाठी. घरातल्या मोठ्यांना विचारा, "तुम्ही कधी कॅम्पमध्ये राहिला होतात?" कुणी स्काउटची शेकोटी सांगेल, कुणी चारा छावणीतले दिवस, कुणाची आजी फाळणीची आठवण काढेल. वहीत लिहून ठेवा. आईबाबा, तुम्हीही या वेळी टीव्ही जरा बंद ठेवा बरं का! अशा गोष्टी शब्दकोशात सापडत नाहीत.