टर्बो गळतो तेव्हा

आमच्या शेजारचे चाचा भाजीचा पिकअप चालवतात. गेल्या पावसाळ्यात चढावर गाडी निळा धूर सोडू लागली, ऑईलही कमी होऊ लागले. मिस्त्रीने टर्बो बदलला. महिन्याभरात नवा टर्बोही गळू लागला. मिस्त्री म्हणाला, पीस खराब निघाला, आणखी एक आणा. चाचांचा चेहरा पाहवेना. मी त्यांना घेऊन दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो.

मंडळी, टर्बो म्हणजे एका दांडीवरची दोन चाके. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक चाक फिरवतो आणि दुसरे चाक इंजिनात हवा कोंबते. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. ही दांडी मिनिटाला १ लाखाहून अधिक फेरे घेते. एवढ्या वेगात आणि उष्णतेत साधे रबरी सील टिकणार कसे? म्हणून तिथे पिस्टनला असते तशी बारीक धातूची रिंग असते. ती म्हणजे काही घट्ट बूच नव्हे. पंप तेल दाबाने वर पाठवतो, पण खाली चेंबरमध्ये ते केवळ स्वतःच्या वजनाने उतरते. ही उतरण्याची वाट अडली की तेल रिंगमधून बाहेर पडते. मोरी तुंबली आणि पाणी उंबरठा ओलांडून घरात आले, तर दोष उंबरठ्याचा नसतो.

म्हाताऱ्याने टर्बोला हातच लावला नाही. आधी एअर फिल्टर पाहिला. तो चोंदला तर हवेच्या बाजूला ओढ निर्माण होऊन तेल खेचले जाते. तो ठीक होता. मग इंजिन चालू ठेवून ऑईलचे झाकण उचलले, तर भसाभस वाफ. ब्रीदरची नळी काळ्या चिखलाने बुजली होती. चेंबरमध्ये कोंडलेला दाब तेलाला खाली येऊ देत नव्हता. (नळी साफ करूनही वाफ तशीच राहिली, तर मात्र बोअर-पिस्टन झिजले समजावे. तिथे टर्बो बदलून काही होत नाही.) खालचा ड्रेन पाइप सोडला, तर पॅकिंगला फासलेल्या सिलिकॉनची गुठळी तोंडात अडकलेली. हा पहिल्या मिस्त्रीचा प्रताप. तिथे कोरे पॅकिंगच बसवायचे असते.

इंटरकूलर धुऊन घेतला. नाहीतर साचलेले तेल पुढे कित्येक दिवस धूर करते. टर्बोच्या तोंडात थोडे स्वच्छ ऑईल ओतून मगच इंजिन सुरू केले, काही मिनिटे रेस न देता. हवेच्या होजमध्ये थोडा तेलकटपणा राहतोच, ब्रीदरची वाफ तिकडेच जाते, त्याने घाबरू नये. पण गळती वाढलेली असताना गाडी रेटू नये. डिझेल इंजिन तेच तेल पिऊन बेफाम धावते आणि किल्ली काढली तरी थांबत नाही.

चाचांनी पहिला टर्बो गोणपाटात गुंडाळून जपून ठेवला होता. म्हाताऱ्याने त्याची दांडी चिमटीत धरली. आडवी किंचित हलली, तेवढी चालते. आत-बाहेर जवळजवळ नाहीच. पाती कुठे घासलेली नव्हती.

“हा तर चांगला आहे,” तो म्हणाला. चाचा काहीच बोलले नाहीत.