हॅलोवीन आणि जुने भयपट

ऑक्टोबरअखेरीस हॅलोवीन जवळ आला, की अमेरिकेत जुन्या कृष्णधवल भयपटांच्या आठवणी जाग्या होतात. वास्तविक १९३१ मधील ‘ड्रॅक्युला’ फेब्रुवारीत, तर ‘फ्रँकेन्स्टाइन’ नोव्हेंबरात प्रदर्शित झाला होता. या सणाशी त्यांचा संबंध नव्हता. तो जोडण्यात दूरचित्रवाणीचा वाटा मोठा आहे.

१९५७ मध्ये प्रामुख्याने ‘युनिव्हर्सल’च्या ५२ जुन्या चित्रपटांचा ‘शॉक’ नावाचा संच स्थानिक वाहिन्यांना विकण्यात आला. हे चित्रपट रात्री उशिरा दाखवले जात. भुताखेतांच्या वेशातील निवेदक मधूनमधून येऊन त्यांची थट्टाही करीत. फिलाडेल्फियातील जॉन झॅकर्ली त्यांपैकीच एक. चित्रपटगृहात हे भयपट कधीही न पाहिलेल्या मुलांना ते घरातच, दिवाणखान्यात भेटले. त्यामुळे या स्मरणरंजनात चित्रपटांइतकीच त्या जागरणांचीही ओढ आहे.

सर्वच चित्रपटांना हे भाग्य लाभले नाही. लॉन चेनी यांच्या ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ (१९२७) या मूकपटाची अखेरची ज्ञात प्रत १९६० च्या दशकात ‘एमजीएम’च्या साठवणगृहाला लागलेल्या आगीत नष्ट झाली. आज त्याची केवळ छायाचित्रे उरली आहेत. प्रत जपली गेली, तरच पुढच्या पिढीला आठवण राहते.